छोट्या विमानाचं वायरिंग: एक बॅटरी की दोन?

संत्रावाडी | १० मे, रात्री ९:१०

राम राम मंडळी.

वरुड तालुक्यात आमच्या संत्र्याच्या बागेला लागून टिनाचं शेड आहे, त्यात दोन आसनी विमान बांधतो आहे. पूर्ण अ‍ॅल्युमिनिअमचं, पंख वरच्या बाजूला, इंजिन रोटॅक्स ९१२ यूएलएस, १०० हॉर्सपॉवर. सांगाडा आणि पंख झाले, इंजिन माउंटवर बसलं. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, कागदपत्रांचं वेगळं चालू आहे, त्यावर नंतर स्वतंत्र धागा काढेन. इथे फक्त विजेचं विचारायचं आहे.

बसवायचंय ते असं: उड्डाणाची आणि इंजिनची माहिती एकत्र दाखवणारी एक डिजिटल स्क्रीन, व्हीएचएफ रेडिओ, ट्रान्सपॉन्डर (टॉवरच्या पडद्यावर आपलं विमान दाखवणारं यंत्र), इंधनाचा जादा इलेक्ट्रिक पंप, एलईडीचे नेव्हिगेशन आणि स्ट्रोब दिवे, एक लँडिंग लाइट आणि टॅबलेटसाठी यूएसबी. इंजिनच्या पोटातला जनरेटर २५० वॅटचा, म्हणजे १४ व्होल्टला जेमतेम १८ अँपिअर, तेही पूर्ण आरपीएमला.

मी दोन बॅटऱ्या, दोन बस (बस म्हणजे उपकरणांना जिथून वीज वाटली जाते ती पट्टी), मध्ये रिले (विजेने चालणारा स्विच) असा आराखडा काढलाय. धाकटा भाऊ म्हणतो, एवढं कशाला? एक बॅटरी, एक मास्टर स्विच, एक फ्यूजपेटी, झालं काम. माझं म्हणणं असं की रस्त्यावर गाडी बंद पडली तर बाजूला घेता येते, वर ते नाही. म्हणून सगळं दुहेरीच हवं. घरात रोज जेवताना यावरून वाद होतो. तुम्ही काय म्हणता?

कापूसकोंड्या | १० मे, रात्री ९:१८

विमान! वरुडात! भाऊ, आधी फोटो टाका, बॅटरीचं मग पाहू.

जुना_हँगर | १० मे, रात्री १०:४५

अभिनंदन. शेडमध्ये सांगाडा उभा राहिला म्हणजे बहुतेक लोक जिथे सोडून देतात त्याच्या पुढे तुम्ही आलात. मी नोकरीभर विमानांच्या वायरिंगचंच काम केलं, आता नागपुरात निवृत्त आहे. सविस्तर लिहितो.

बॅटऱ्या मोजण्याआधी एका कागदावर हे लिहा: हवेत असताना विमानातली सगळी वीज गेली, तर काय काय बंद पडेल? आणि त्यातलं कोणतं नसेल तर सुखरूप उतरता येणार नाही?

तुमच्या इंजिनापुरतं मीच सांगतो. ९१२ यूएलएसला इग्निशनची, म्हणजे ठिणगी पाडणारी, दोन स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक (सीडीआय) सर्किटं आहेत. त्यांना लागणारी वीज इंजिनच्या आतल्या त्यांच्या स्वतःच्या कॉइल तयार करतात, बॅटरीशी त्यांचा काही संबंध नाही. दोन कार्ब्युरेटर, त्यांनाही वीज लागत नाही. मुख्य इंधनपंप गिअरबॉक्सवर बसलेला, यांत्रिक. शिवाय तुमच्या टाक्या पंखांत, म्हणजे डोक्यावर. बॅटरी पूर्ण मेली तरी चालू इंजिन चालूच राहील. बंद असलेलं मात्र सुरू होणार नाही, कारण स्पार्क पडायला क्रँकशाफ्ट मिनिटाला निदान २२० फेरे फिरावा लागतो आणि ते काम सेल्फचं.

हेच इंजिन इंजेक्शनचं, म्हणजे ९१२ आयएस असतं, तर मी स्वतःच तुम्हाला दुहेरी करा म्हटलं असतं. त्यात पंप, इंजेक्टर, संगणक सगळं विजेवर. म्हणून तर त्या इंजिनात दोन जनरेटर दिलेले असतात.

तेव्हा तुमच्या धाकट्या भावाचं पारडं मला जड दिसतं. दुसरी बॅटरी म्हणजे आणखी वजन, आणखी एक रिले, आणखी जोड. बिघडू शकणाऱ्या जागा त्यानेही वाढतातच. त्यापेक्षा स्पीड आणि उंचीचे साधे, पिटो-स्टॅटिकवर, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबावर, चालणारे दोन काटे पॅनलवर लावा. स्क्रीन काळी झाली तरी डोळ्यांसमोर काहीतरी राहील.

आर्वीचा_वायरमन | ११ मे, सकाळी ७:०५

राम राम. मी ट्रॅक्टर, थ्रेशर अन् मोटर रिवायंडिंगवाला माणूस. इमानाचं काम कधी केलं नाई, पण वायरीचं रोज करतो, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

गाडी दुकानावर आली की मी बॅटरीले हात नाई लावत. पहिले अर्थिंग पाहतो. इंजिन रबराच्या माउंटवर असते, म्हणजे इंजिन अन् बॉडी याच्यात रबर आलं. मधात जाड पट्टा नसला, नाई त ढिला झाला, त सेल्फचा करंट दुसरा रस्ता पाहते. एका पिकअपचा अ‍ॅक्सिलरेटरचा केबल मी असाच जळालेला काढला, आतला तार नळीले चिकटून गेलता. मालक म्हणे केबल बेकार निघाला. केबलचा काय दोष? सगळा सेल्फचा करंट त्याच्यातून जाऊन राह्यलता.

तुमच्या इमानाचा थ्रॉटलबी केबलवरच असन. इंजिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत जाड पट्टा टाकाच भाऊ. दोन टाका. बॅटरी एक असो का दोन, हे पहिले.

जुना_हँगर | ११ मे, सकाळी ७:५०

वायरमनभाऊ, तुम्ही सांगितलेला बिघाड विमानांतही जशाच्या तसा होतो. संत्रावाडी, हे फ्रेम करून शेडमध्ये लावा.

त्यालाच जोडून: सगळ्या उपकरणांचे निगेटिव्ह फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावरच्या) एकाच पितळी बोल्टपाशी आणा. विमान धातूचं आहे म्हणून जिथे सापडेल तिथे स्क्रू मारून अर्थ घेऊ नका. दिव्यांना तसं चालून जातं. रेडिओ, हेडसेट आणि इंजिनच्या सेन्सरना चालत नाही. हेडसेटमध्ये घूं आवाज येतो आणि तेलाच्या तापमानाचा आकडा लँडिंग लाइट लावला की हलतो.

निशिगंधा_पुणे | ११ मे, दुपारी १:२०

मी पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करते. हँगर काकांचं इंजिनाबद्दलचं म्हणणं मान्य, पण "एक बॅटरी, एक बस" याला माझा विरोध आहे.

आधी हिशोब मांडू. अंदाजे आकडे: स्क्रीन दीड अँपिअर, रेडिओ ऐकताना अर्धा आणि बोलताना दोन, ट्रान्सपॉन्डर एक, पंप दोन, नेव्हिगेशन आणि स्ट्रोब दोन, लँडिंग लाइट तीन, यूएसबी दोन. वर मास्टर कॉन्टॅक्टरची (मास्टर स्विच लावला की बॅटरी जोडणाऱ्या मोठ्या रिलेची) कॉइल पाऊण अँपिअरच्या आसपास खाते, तिला सगळेच विसरतात. बेरीज चौदाच्या घरात. जनरेटर अठराचा. चालेल, पण हात राखून.

आता जनरेटर गेला असं धरा. १८ अँपिअर-तासांची सीलबंद बॅटरी आहे, थोडी जुनी झालीय, म्हणून हिशोबाला दहाच धरू. सगळं चालू ठेवलं तर पाऊण तासही मिळत नाही. फक्त स्क्रीन, रेडिओ आणि ट्रान्सपॉन्डर ठेवले तर भार तीन-साडेतीन अँपिअर, म्हणजे जवळपास तीन तास. तेवढ्यात तुमच्या टाकीतलं पेट्रोलही संपत येईल. म्हणजे दुसरी बॅटरी न घेता तेच साधलं. अट एकच, भार झटक्यात कमी करता आला पाहिजे, एकेक स्विच शोधत बसायला लागू नये.

म्हणून बस दोन करा, बॅटरी एकच. मुख्य बसवर दिवे, यूएसबी, पंप. छोट्या बसवर स्क्रीन, रेडिओ, ट्रान्सपॉन्डर. छोट्या बसला एरवी मुख्य बसमधून डायोडमार्गे (तो वीज एकाच दिशेने जाऊ देतो) वीज मिळेल. शिवाय बॅटरीपासून थेट एक वेगळी वायर, बॅटरीजवळच फ्यूज लावून, एका स्विचमधून तिच्याकडे येईल. जनरेटर गेला की हा स्विच चालू, मास्टर बंद. दोन हालचाली. कॉन्टॅक्टरचा भारही वाचला आणि कॉन्टॅक्टरच चिकटला किंवा उघडाच राहिला तरी रेडिओ जिवंत.

डायोडसाठी ३५ अँपिअरचा ब्रिज रेक्टिफायर घ्या, कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. तीन-चार वॅट उष्णता टाकेल, म्हणून अ‍ॅल्युमिनिअमच्या पत्र्यावर कसून बसवा.

पवनीचा_पोरगा | ११ मे, दुपारी ३:४०

पायपर कब या जुन्या छोट्या विमानात वीजच नव्हती! प्रोपेलर हाताने फिरवायचे आणि उडायचे. हजारो वैमानिक त्याच्यावर शिकले. मग आपल्याला एवढी झंझट कशाला? रेडिओ हातातला घ्या, त्याची स्वतःची बॅटरी असते.

बिरसी_कॅडेट | ११ मे, सायंकाळी ६:१५

गोंदियाजवळ बिरसीला विमान चालवायला शिकलो म्हणून लिहितो. पवनीच्या दादा, कबच्या काळात आकाश मोकळं होतं. आज वरुडहून उडालं की एका बाजूला नागपूर आणि दुसऱ्या बाजूला अमरावतीचं बेलोरा, तिथेही आता प्रवासी विमानं येतात. टॉवरशी बोलावंच लागणार आणि ट्रान्सपॉन्डरमुळेच आपण त्यांच्या पडद्यावर नीट दिसतो. हातातला रेडिओ बॅगेत जरूर ठेवा, पण इंजिनच्या आवाजात त्याच्या छोट्या अँटेनावर भरवसा ठेवू नका. बाहेरच्या अँटेनाची वायर त्याला लावता येईल असा जोड पॅनलवर काढून ठेवा.

माझा मुद्दा वेगळा आहे. शिकताना जनरेटर गेल्याचा सराव करून घेतात. त्यात सगळ्यात अवघड काय, तर तो गेलाय हे कळणं. इंजिन तसंच चालतं, आवाज तोच, सगळे दिवे लागलेले. बॅटरी गुपचूप उतरत जाते आणि कळतं तेव्हा रेडिओ खरखरायला लागलेला असतो. म्हणून डोळ्यांसमोर एक लाल दिवा लावा, १३ व्होल्टच्या खाली गेलं की लुकलुकणारा. स्क्रीनच्या कोपऱ्यातला आकडा कोणी पाहत नाही.

निशिगंधा_पुणे | ११ मे, सायंकाळी ६:३२

+१. माझ्या हिशोबातले तीन तास त्या दिव्यावरच उभे आहेत. तो नसेल तर अर्धी बॅटरी कळायच्या आत गेलेली असेल.

संत्रावाडी | ११ मे, रात्री ९:००

फोटो टाकले आहेत, कापूसकोंड्या. ताई, काका, वायरमनभाऊ, कॅडेट, एवढ्या तपशिलाची अपेक्षा नव्हती, मनापासून आभार.

भावाला धागा वाचून दाखवला. तो म्हणतो "बॅटरी एकच" हे त्याचं, "बस दोन" हे माझं, म्हणजे सामना बरोबरीत.

आता दोन प्रश्न. एक, जनरेटरचं व्होल्टेज ताब्यात ठेवणारा रेग्युलेटर कुठे बसवू? दोन, बॅटरी साधी एजीएम (सीलबंद लेड-अ‍ॅसिड) घेऊ की लिथियम? एजीएम साडेपाच-सहा किलो भरते, लिथियम त्याच्या निम्म्याहून कमी. आमच्याकडे मे महिन्यात सावलीत ४५ असतं आणि टिनाच्या शेडमध्ये दुपारी उभं राहवत नाही, हे धरून सांगा.

कापूसकोंड्या | ११ मे, रात्री ९:२५

फोटो पाहून बायकोला हाक मारली, सगळ्या घराने पाहिले. जबरदस्त! रिव्हेटच्या रांगा ओळंब्यात आहेत हो.

आपल्या शिवकर बापूजी तळपद्यांनी १८९५ साली चौपाटीवर विमान उडवलं म्हणतात, त्यात कोणती बॅटरी होती?

मास्तर_दारव्हा | ११ मे, रात्री १०:०२

तळपद्यांची जिद्द मोठी होती, पण त्या उड्डाणाचा भरवशाचा पुरावा नाही. ज्या 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाचा आधार त्या गोष्टीला दिला जातो, त्यातल्या विमानांची बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी १९७४ साली तपासणी केली आणि ती उडू शकत नाहीत असा निष्कर्ष काढला. शाळेत मी मुलांना कॅप्टन अमोल यादव यांचं सांगतो. कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, २०१६ च्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं आणि कागदपत्रांसाठी वर्षानुवर्षं खेटे घालून २०१९ साली उड्डाणाचा परवाना मिळवला. आपल्या डोळ्यांसमोरचं उदाहरण आहे.

संत्रावाडी, दारव्ह्याहून आमच्या नववीच्या मुलांना तुमचं शेड दाखवायला आणलं तर चालेल का?

संपादक मंडळ | ११ मे, रात्री १०:३०

तळपदे या विषयावर आधीच एक लांब धागा आहे, पुढची चर्चा तिकडे करावी. इथे वायरिंगवरच राहू.

जुना_हँगर | १२ मे, सकाळी ६:३०

मास्तर, मुलांना जरूर न्या. पण संत्रावाडी, त्याआधी हे वाचा.

या इग्निशनचे स्विच उलट्या रीतीने काम करतात. वायर अर्थला टेकली की इग्निशन बंद, सुटली की चालू. म्हणजे स्विचकडे येणारी वायर कुठे तुटली तर पॅनलवर "बंद" दिसेल आणि इंजिन मात्र पेटायला तयार असेल. हाताने हळू फिरवून २२० फेऱ्यांचा वेग येत नाही हे खरं, पण त्यावर विसंबून कोणाला प्रोपेलरला हात लावू देऊ नका. मुलं येतील त्या दिवशी सगळ्या स्पार्कप्लगची टोपणं आणि बॅटरीची निगेटिव्ह दोन्ही काढून ठेवा. इग्निशन स्विचच्या दोन्ही वायरी शील्डेड घ्या, बाकी हार्नेसपासून (वायरींच्या जुडग्यापासून) वेगळ्या न्या आणि दर उड्डाणानंतर इंजिन बंद करण्याआधी एकेक इग्निशन स्विच क्षणभर बंद करून आरपीएम पडतो का ते पाहत जा.

आता रेग्युलेटर. याचं तापमान ८० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही असं इंजिनवाले स्वतःच सांगतात. युरोपात हिवाळ्यात उडणाऱ्याला हा आकडा लांबचा वाटतो. तुमच्याकडे काउलिंगच्या (इंजिनावरच्या आवरणाच्या) आतली हवा आधीच तापलेली, वर स्वतःची उष्णता. म्हणून तो फायरवॉलच्या केबिनकडच्या बाजूला बसवा, मागे जाड अ‍ॅल्युमिनिअमची पट्टी आणि त्यावर बाहेरच्या हवेचा एक इंची पाइप सोडा. तापमान दाखवणारी पट्टी त्याच्यावर चिकटवा. उतरल्यावर सगळ्यात जास्त किती गेलं होतं ते त्यावर दिसतं.

निशिगंधा_पुणे | १२ मे, सकाळी ११:१०

रेग्युलेटरबद्दल थोडी भर घालते, कारण गाडीच्या अल्टरनेटरची सवय असलेल्या माणसाला हे पटकन लक्षात येत नाही.

गाडीच्या अल्टरनेटरचं फील्ड (त्यातल्या चुंबकाला लागणारी वीज) तोडलं की तो गप्प बसतो. तुमच्या इंजिनात कायमचे चुंबक आहेत, फील्ड तोडायची सोयच नाही. इंजिन फिरतंय तोवर कॉइलमधून एसी येतच राहणार. रेग्युलेटर आतून शॉर्ट झाला तर व्होल्टेज वर धावतं आणि स्क्रीन, रेडिओ सगळं त्याच्या तोंडी. उपाय असा: कॉइलकडून येणाऱ्या दोन पिवळ्या वायरींपैकी एकीत रिले टाका आणि बसचं व्होल्टेज सोळाच्या वर गेलं की तो रिले उघडणारं छोटं सर्किट बसवा. हे मला दुसऱ्या बॅटरीपेक्षा कितीतरी महत्त्वाचं वाटतं.

दुसरं, रेग्युलेटरच्या आउटपुटवर २२,००० मायक्रोफॅरडचा, २५ व्होल्टचा कपॅसिटर इंजिनवाल्यांनीच सांगितलेला आहे. तो गाळू नका. बॅटरी मध्येच सुटली तर व्होल्टेज तोच सावरून धरतो.

आणि इथूनच लिथियमचा प्रश्न येतो. आतली बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट) तापमान किंवा व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की बॅटरी सर्किटमधून चक्क तोडून टाकते. बॅटरी वाचते, तुम्ही मात्र उडत्या विमानात बॅटरीविना राहता. लिथियम फॉस्फेट चांगलं रसायन आहे, मी रोज त्यावर काम करते, पण ४५ अंशांच्या उन्हात तापलेल्या विमानात पहिली बॅटरी म्हणून एजीएमच घ्या.

जुना_हँगर | १२ मे, दुपारी १२:०५

इथे मी थोडा वेगळा आहे. वजन वाचवणं छोट्या विमानात चैन नाही. भर उन्हात हवा विरळ होते, धावपट्टी लांब लागते, तीन-चार किलोही जाणवतात. बॅटरी शेपटीकडे, पायलटच्या मागे सावलीत असेल आणि विमानासाठीच बनवलेली लिथियम असेल तर मी ती नाकारणार नाही. पण एजीएमही उन्हाने लवकर म्हातारी होते. दर दहा अंशांना आयुष्य साधारण निम्मं, असा जुना हिशोब आहे. म्हणून घ्याल ती घ्या, एजीएम घेतली तर दर दोन उन्हाळ्यांनी न विचारता बदला.

निशिगंधा_पुणे | १२ मे, दुपारी १२:२०

काका, "विमानासाठीच बनवलेली" या अटीवर मान्य. बाजारातली ई-स्कूटरची बॅटरी खोलून लावायची नाही, एवढं संत्रावाडींनी वचन द्यावं.

संत्रावाडी | १२ मे, रात्री ८:४०

वचन दिलं. एजीएम घेतो, शेपटीकडे ठेवतो. तिथून सेल्फपर्यंत केबल लांब होईल, चालेल ना? आणि वायर कोणती? अमरावतीच्या दुकानात घरगुती एफआर वायर लगेच मिळते. विमानात वापरतात ती टेफझेल वायर मागवली तर महाग आणि वाट पाहावी लागते.

मास्तर_दारव्हा | १२ मे, रात्री ९:१५

वायरीच्या जाडीचा हिशोब मुलांकडून करून घेतला, वर्गात मजा आली. १८ गेजच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला सुमारे २१ मिलीओहम. लँडिंग लाइट ३ अँपिअर, पंखापर्यंत जायला ४ मीटर, परत यायला ४. म्हणजे ८ गुणिले ०.०२१ गुणिले ३, अर्धा व्होल्ट. १४ पैकी अर्धा गेला तर हरकत नाही असं ठरलं. २२ गेज घेतली तर रोध अडीचपट, सव्वा व्होल्टाच्या वर जातो. एका मुलीने विचारलं, मग सगळीकडे जाडच का नाही वापरत? दुसरीने उत्तर दिलं, मग उडेल कसं?

आर्वीचा_वायरमन | १२ मे, रात्री ९:५०

मास्तर, त्या पोरीले माझ्या दुकानात पाठवा, शिकवतो.

संत्रावाडी भाऊ, एफआर वायर घरासाठी. एका तारेची त बिलकुल नाई, थरथरीनं तुटते. मल्टिस्ट्रँड घेतली तरी वरचं पीव्हीसी जळालं की जो धूर निंघते, त्यानं डोळे उघडत नाई. दुकानात दार उघडं असते तरी पळा लागते. इमानात कुठं पळान?

जुना_हँगर | १२ मे, रात्री १०:१०

अगदी बरोबर. तो धूर हायड्रोजन क्लोराइडचा. टेफझेल १५० अंशांपर्यंत तग धरते, तांब्याला कथलाचा मुलामा असतो आणि पेटली तरी धूर कमी. वाट पाहा, पण तीच आणा. पूर्ण विमानाची वायर एका माणसाला सहज उचलता येईल एवढीच लागते, तिथे पैसे वाचवू नका.

सेल्फची केबल लांब चालेल, फक्त जाड घ्या आणि मास्टर कॉन्टॅक्टर बॅटरीला खेटून बसवा. म्हणजे मास्टर बंद केल्यावर ती लांब केबल पूर्ण थंड राहते. खडबडीत उतरणं झालं, पत्रा चेपला, तरी ठिणगी नाही.

फ्यूज कशासाठी, तेही सांगून ठेवतो. फ्यूज उपकरणाला वाचवत नाही, वायरीला वाचवतो. २२ गेजला ५ अँपिअर, २० ला ७, १८ ला १०. गाडीचे पात्याचे फ्यूज उत्तम चालतात. आणि हवेत फ्यूज बदलायचा नाही. गेला तो काहीतरी कारणाने गेला, ते जमिनीवर शोधायचं. म्हणून फ्यूजपेटी हाताशी नसली तरी चालेल.

पवनीचा_पोरगा | १३ मे, सकाळी ८:२०

जोड सोल्डर करायचे की थिंबल (वायरीच्या टोकावर दाबून बसवायचा धातूचा तुकडा) मारायचे? माझा मामा रेडिओ दुरुस्तीवाला, तो म्हणतो सोल्डरसारखं पक्कं काही नाही.

आर्वीचा_वायरमन | १३ मे, सकाळी ९:००

रेडिओत सोल्डर. थरथरणाऱ्या वस्तूत थिंबल. सोल्डर वायरीत आत चढते, तितका भाग सळईवानी कडक होते, अन् जिथं कडक संपून नरम सुरू होते तिथंच तुटते. बाहेरून प्लास्टिक साबूत दिसते, आतून तुटेल.

पण थिंबल पकडीनं दाबायचा नाई. रॅचेटवाला चिमटा पाहिजे, जो पूर्ण दाबल्याशिवाय सुटतच नाई. मी नवा चिमटा आणला की एक थिंबल मारतो अन् हॅकसॉनं आडवा कापून पाहतो. आतले तार वेगवेगळे दिसले, मधात फट दिसली, त तो चिमटा परत. सगळे तार चेपून एकच तुकडा दिसला पाहिजे, तार कोणता अन् थिंबल कोणता हे सांगता नाई आलं पाहिजे. मंग वायर पकडून जोरात ओढायची. वायर तुटली तरी चालते, थिंबलातून निंघाली नाई पाहिजे.

बिरसी_कॅडेट | १३ मे, दुपारी २:१०

यूएसबीबद्दल एक. स्वस्त चार्जर व्हीएचएफवर भयंकर खरखर करतात, विमानाचा पट्टा ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ आणि त्यांचा कचरा नेमका तिथे येतो. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हरही. बसवण्याआधी शेडमध्येच रेडिओ चालू करून चार्जर अँटेनाजवळ धरून ऐका.

ईएलटी (अपघात झाला की मदतीचा संदेश पाठवणारं यंत्र) घेणार असाल तर ४०६ मेगाहर्ट्झचाच. जुने १२१.५ वाले उपग्रह १ फेब्रुवारी २००९ पासून ऐकत नाहीत. त्याची बॅटरी स्वतःची असते, तुमच्या बसवर भार नाही.

संत्रावाडी | १३ मे, रात्री ९:३०

एक अडचण कोणी विचारली नाही, पण माझी झोप तिने उडवली आहे: उंदीर. मागच्या पावसाळ्यात ट्रॅक्टरचं अर्धं हार्नेस खाल्लं. विमानाच्या शेपटीत शिरले तर दिसणारही नाहीत.

कापूसकोंड्या | १३ मे, रात्री ९:३४

मांजर पाळा. दोन पाळा, एक बॅटरीसाठी, एक बससाठी.

आर्वीचा_वायरमन | १३ मे, रात्री ९:५५

त्याच शेडमध्ये सरकीची ढेप ठेवता काय? मी पैज लावतो, ठेवता. पहिले ढेप अन् सोयाबीनची पोती दुसऱ्या शेडात हलवा. उंदीर वायर खाले येत नाई, ढेप खाले येते अन् दात घासाले वायर पाहते. कापूर-बिपूर ठेवतात लोकं, चार दिवस चालते. मंग चाकांच्या पायाले गुळगुळीत पत्र्याची गोल थाळी उलटी लावा, चढता नाई येत. अन् पत्र्याले जितके भोकं तितक्यावर बारीक जाळी.

जुना_हँगर | १४ मे, सकाळी ६:४५

जाळीबरोबर पिटो ट्यूबलाही टोपण हवं. कुंभारमाशी दोन दिवसांत तिथे मातीचं घर करते आणि मग स्पीडचा काटा शून्यावरच बसून राहतो. टोपणाला लांब लाल फीत बांधा, उडण्याआधी काढायची राहणार नाही.

संत्रावाडी | २६ मे, रात्री ९:२०

मंडळी, पुन्हा मूळ प्रश्नावर येतो. ढेप हलवली (वायरमनभाऊ पैज जिंकले). नवा आराखडा असा:

एक एजीएम बॅटरी, शेपटीकडे, कॉन्टॅक्टर तिला खेटून. मुख्य बस आणि छोटी बस, मध्ये ब्रिज रेक्टिफायर, शिवाय बॅटरीपासून छोट्या बसला थेट वायर आणि स्विच. पिवळ्या वायरीत जादा व्होल्टेजचा रिले. २२,००० चा कपॅसिटर. १३ व्होल्टचा लाल दिवा थेट नजरेसमोर. स्पीड आणि उंचीचे साधे काटे. एका बोल्टवर सगळे निगेटिव्ह, इंजिनपासून दोन पट्टे. टेफझेल मागवली.

भावाने हे पाहून "आता ठीक आहे" एवढंच म्हटलं. आमच्या घरात याला मानपत्र समजतात.

निशिगंधा_पुणे | २६ मे, रात्री १०:००

छान झालंय. एकच बदल. इंधनाचा पंप छोट्या बसवर आणा. टाक्या वर आहेत म्हणून तो एरवी लागणार नाही, पण यांत्रिक पंप गेला तर तो हवाच, आणि त्याच दिवशी जनरेटरही गेला असेल तर मुख्य बस बंद असेल. स्विच बंद असला की भार शून्य, त्यामुळे माझा तीन तासांचा हिशोब बिघडत नाही.

जुना_हँगर | २७ मे, सकाळी ६:२०

ताईंची सूचना घ्या, माझ्या नजरेतून निसटली होती.

सगळं जोडून झालं की इंजिन सुरू न करता, पूर्ण भारलेल्या बॅटरीवर, मास्टर बंद आणि छोटी बस चालू ठेवून घड्याळ लावा. रेडिओवर दर काही मिनिटांनी बोलत राहा. व्होल्टेज अकराला येईपर्यंत किती वेळ गेला ते पॅनलवर लिहून चिकटवा. हीच चाचणी दर उन्हाळ्यानंतर पुन्हा करा, आणि आकडा निम्म्यावर आला की बॅटरी बदला.

आर्वीचा_वायरमन | २७ मे, सकाळी ७:१५

वायर आली की फोन करा, रविवारी येतो रॅचेटचा चिमटा घेऊन. लाल अन् निळे थिंबल माझ्याजवळ आहेत. बॅटरीचे जाड थिंबल मारायले हायड्रॉलिक दाब लागन, थो मी आर्वीहून आणतो, तुम्ही फक्त केबल किती स्क्वेअरचा हाये थे कळवा.

संत्रावाडी | २७ मे, सकाळी ७:४०

२५ स्क्वेअर (चौरस मिलिमीटर), भाऊ. दोन्ही टोकांना ८ एमएमच्या बोल्टचं भोक. जेवायला इथेच, मास्तरांची मुलंही त्याच रविवारी येत आहेत.